घरात पक्षी आहेत का?

न्यूमोनियाच्या रुग्णाला विचारायच्या प्रश्नांची एक यादी मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. तंबाखू, सिगारेट, मधुमेह, घरात कोणाला टीबी, अलीकडचा प्रवास. यादीच्या शेवटी एक प्रश्न असतो : घरात पक्षी आहेत का? विद्यार्थी तो लिहून घेतात आणि पहिल्या रात्रपाळीतच विसरतात. गेल्या वर्षी मी स्वतः विसरलो.

रुग्ण अडुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक. आठ दिवसांचा ताप, कोरडा खोकला आणि डोकं फुटेल अशी डोकेदुखी. छातीला नळी लावली तर फारसं काही ऐकू येत नव्हतं, पण एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसात चांगला मोठा डाग. मलेरिया नाही, डेंगी नाही. वय पाहून दाखल केलं आणि अशा वेळी वापरतो ते इंजेक्शन सुरू केलं. तीन दिवस झाले तरी ताप हलेना. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या पत्नीने मला व्हरांड्यात गाठलं. ‘‘डॉक्टर, ह्यांना अजून किती दिवस ठेवणार? घरी बदकांकडे बघायला कोणी नाही हो. मला नाही जमत ती घाण काढायला.’’

निवृत्तीनंतर गुरुजींनी गावाबाहेरच्या बंगल्यामागे सिमेंटचा हौद बांधून घेतला होता आणि त्यात सहा बदकं सोडली होती. रोज पहाटे खुराडं खराट्याने झाडायचं काम त्यांचं. महिन्याभरात दोन बदकांच्या डोळ्यांना पाणी येत होतं, एवढंच त्यांच्या पत्नीला आठवत होतं. मी औषध बदललं, डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला.

पोपट, कबुतरं, बदकं, टर्की अशा पक्ष्यांकडून माणसाला होणारा एक न्यूमोनिया आहे, सिटॅकोसिस नावाचा. ग्रीक भाषेत पोपटाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं. क्लॅमिडिया सिटॅसी हा त्याचा जंतू आपल्या पेशींच्या आत शिरून राहतो आणि पेनिसिलिनच्या कुळातली इंजेक्शनं त्याच्यावर चालत नाहीत. पक्ष्याच्या विष्ठेतून, नाका-डोळ्यांच्या स्रावातून तो बाहेर पडतो. विष्ठा वाळली की धुळीबरोबर उडतो आणि श्वासावाटे आत जातो. युरोपात बदकं कापून साफ करण्याच्या कारखान्यांतल्या कामगारांमध्ये त्याच्या साथी आल्या आहेत. गुरुजींना हाच आजार होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण त्याची खात्रीची तपासणी आमच्याकडे होत नाही. पण लक्षणं, पक्षी आणि औषधाचा गुण, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते. तो एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर त्यांचे तीन दिवस वाचले असते.

बदकं पाळण्याची हौस आता वाढते आहे. फार्महाऊस, शेतावरचा बंगला, रिसॉर्ट, सगळीकडे पाण्याचं छोटं तळं आणि त्यात चार पांढरी बदकं हवी असतात. अलीकडे तर ओपीडीतही लोक मोबाइलवर नातवंडांबरोबर पिल्लांचे फोटोही दाखवतात. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून आठवडी बाजारापर्यंत पिल्लं मिळतात. बहुतेक लोक पेकिन जातीची पांढरीशुभ्र बदकं घेतात. कोणी बाटलीसारखं उभं चालणारं इंडियन रनर घेतं, कोणी अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल. या सगळ्या जातींचा पूर्वज एकच, हिरव्या डोक्याचं रानटी मॅलार्ड बदक. तोंडावर लाल गाठी असलेलं मस्कोव्ही तेवढं निराळं. ते मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. आणि ‘राजहंस’ म्हणून ज्याची भरमसाट किंमत सांगतात, ते चोचीवर टेंगूळ असलेलं पांढरं पाखरू हंस नसून चिनी गूज असतं. आपल्या पिढीचं बालपण ज्या गाण्यावर गेलं त्यातलं वेगळं पिल्लू शेवटी राजहंस निघतं, पण बाजारात सहसा उलटं घडतं.

पिल्लाचा लळा लागतो यात नवल नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर सुरुवातीच्या काही तासांत जे हलतं-बोलतं समोर दिसेल त्यालाच आई मानायचं, ही बदकांच्या आणि गूजच्या पिल्लांची जन्मजात वृत्ती आहे. ऑस्ट्रियाचे कॉनराड लॉरेन्झ यांनी गूजच्या पिल्लांवर यासंबंधी केलेलं काम प्रसिद्ध आहे. पिल्लं त्यांच्याच मागे रांगेने चालायची. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. लहान मुलाच्या मागे बदकाचं पिल्लू घरभर फिरताना पाहून आई-वडील विरघळतात, आणि नेमकं तिथेच मी सावध करतो.

बदक आजारी असेल तर ते दिसेलच, असा आपला समज असतो. कुत्रा मलूल होतो, मांजर खात नाही, मग आपण त्याला दवाखान्यात नेतो. पण बदकांच्या आतड्यात साल्मोनेलाचे जंतू मजेत राहतात आणि बदक अगदी ठणठणीत असतं. विष्ठेतून जंतू बाहेर येतात, पिसांना, पायांना, हौदाच्या पाण्याला लागतात. मूल पिल्लाला छातीशी धरतं, त्याचा मुका घेतं, मग तोच हात तोंडात घालतं. सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. (टायफॉइडचे जंतू याच कुळातले, पण ते माणसाकडून माणसाकडेच येतात, त्याचा दोष बदकांना देऊ नका.) मोठ्या माणसाचं पोट चार-सहा दिवसांत बरं होतं. पाच वर्षांखालच्या मुलांत, पासष्टीच्या पुढे, गरोदरपणात, किंवा किडनी बदललेल्या आणि केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णांत हेच जंतू रक्तात जाऊ शकतात. परसात कोंबड्या-बदकं पाळणाऱ्या घरांत साल्मोनेलाच्या साथी अमेरिकेत दरवर्षी नोंदवल्या जातात. पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्लं हाताळूच नयेत, असा तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. मला तो पटतो. लांबून बघू द्या, दाणे टाकू द्या, पण मांडीवर नको.

अंड्यांबद्दलही थोडं सांगतो. बदकी चिखलात, ओल्या भुशात, कुठेही अंडं घालते. ते पुसून लगेच हाफ-फ्राय करू नये. आतला पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवावं.

बर्ड फ्लूची गोष्ट याहून गंभीर आहे. महाराष्ट्राला ती सांगायला नको. भारतात हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. आपल्या मनात तेव्हापासून बर्ड फ्लू म्हणजे कोंबडी असं समीकरण पक्कं बसलं आहे. विषाणूच्या दृष्टीने मात्र पाणपक्षी हे त्याचं मूळ घर. आज जगभर फिरणाऱ्या एच५एन१ विषाणूचा पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात एका गूजमध्ये सापडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली आणि सहा जण दगावले. कोंबडीला हा विषाणू लागला तर ती एक-दोन दिवसांत मरते, म्हणजे आपल्याला धोक्याची सूचना तरी मिळते. पाळीव बदकांतले काही विषाणूचा भार घेऊन दिवसेंदिवस हिंडतात, पोहतात, खातात, आणि पाण्यात विषाणू सोडत राहतात.

हौशी पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं एक उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथल्या नैर्ऋत्य भागात एक वृद्ध गृहस्थ मस्कोव्ही बदकं पाळायचे. बरीचशी बाहेर, काही चक्क घरात. बदकं मरू लागली, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि मग त्या गृहस्थांच्या तपासणीतही विषाणू सापडला. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणेने ही बातमी जाहीर केली. त्यांना काही त्रास झाला नाही आणि त्यांच्यापासून दुसऱ्या कोणाला लागणही झाली नाही. मात्र उरलेली बदकं मारावी लागली. सगळेच असे सुदैवी नसतात. भारतात या विषाणूने झालेला पहिला मानवी मृत्यू २०२१ च्या जुलै महिन्यात, दिल्लीच्या एम्समध्ये, एका अकरा वर्षांच्या मुलाचा होता. माणसाला ही लागण क्वचित होते, हे खरं. मात्र ती होते तेव्हा मृत्यूचं प्रमाण घाबरवणारं असतं.

म्हणून थंडीच्या दिवसांत, स्थलांतरित पक्षी आपल्या तलावांवर उतरतात तेव्हा, पाळीव बदकांचं दाणापाणी छपराखाली आणि जाळीच्या आत ठेवावं. रानपक्ष्यांनी त्यांच्या हौदात उतरता कामा नये. एकाच वेळी दोन-तीन पक्षी अचानक मेले तर उघड्या हाताने उचलू नका, गुपचूप पुरू नका, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कायद्यानेही ते बंधनकारक आहे. लोक कळवत नाहीत, कारण रोग निघाला तर साधारण एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पाळीव पक्षी मारले जातात आणि शेजारी तोंड फिरवतात. ही भीती मी समजू शकतो. पण मेलेलं बदक नाल्यात टाकणाऱ्या माणसापायी गावातली सगळी कोंबडीपालन करणारी कुटुंबं बुडू शकतात.

आता पाण्याबद्दल. बदक घ्यायचं ठरवणाऱ्याला मी किंमत विचारत नाही, पाणी कुठून आणणार आणि कुठे सोडणार हे विचारतो. बदकाला पोहायला मोठं तळं लागतंच असं नाही, पण डोकं पूर्ण बुडवता येईल इतकं खोल पाणी रोज लागतं. त्याशिवाय त्याला नाकपुड्या आणि डोळे धुता येत नाहीत. आणि ते ज्या पाण्यात पितं त्यातच घाण करतं. चार बदकांनी लहान हौद गढूळ करायला एक दिवस पुष्कळ झाला. ते पाणी रोज उपसून झाडांना घालायची सोय असेल तर ठीक. नसेल तर आठवड्यात त्याचं डबकं होतं. बदकं डासांच्या अळ्या खातात हे खरं, म्हणून ‘आमच्याकडे डास नाहीत’ असं लोक अभिमानाने सांगतात. मात्र हौदाशेजारच्या बादलीत, दाण्याच्या रिकाम्या डब्यात, पाण्याच्या पाइपाच्या वेटोळ्यात बदकाची चोच पोहोचत नाही, आणि डेंगीच्या डासाला तेवढं पाणी पुरतं. शिवाय सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस काय असतो, हे २००५ च्या महापुरानंतर मुंबईच्या प्रत्येक डॉक्टरने पाहिलं आहे. हौदात अनवाणी उतरून सफाई करणाऱ्यांनी गमबूट घालावेत, पायाला चीर असेल तर उतरूच नये.

साचलेल्या तळ्यात गोगलगायी झाल्या तर आणखी एक उपद्व्याप असतो. बदकांच्या शरीरातल्या एका चपट्या कृमीची पिल्लावळ गोगलगायीत वाढते आणि पाण्यात सुटते. तिला खरं तर दुसरं बदक हवं असतं. चुकून माणसाच्या कातडीत घुसते आणि तिथेच मरते. पाण्यात उतरलेल्या भागावर लाल पुरळ आणि भयंकर खाज येते. पाच-सात दिवसांत ती आपोआप जाते. बहुतेकदा पेशंट खरजेचं मलम लावून आलेला असतो.

बदकांच्या खाण्यात वैद्यकशास्त्राला जवळचे दोन धडे आहेत, ते सांगायचा मोह आवरत नाही. कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य बदकाच्या पिल्लांना घातलं की काहींचे पाय वाकडे होतात, ती बसून राहतात. लोकांना वाटतं, कॅल्शियम कमी पडलं. खरं कारण बहुधा नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. माणसात याच जीवनसत्त्वाच्या अभावाने पेलाग्रा होतो : उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, भ्रम. हा आजार दख्खनच्या पठारावर, केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसायचा आणि डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाशी जोडून दाखवला होता. तेव्हा पिल्लांना बदकांसाठीचंच खाद्य मिळालं तर उत्तम, नाहीतर पशुवैद्याला विचारून नायसिनची पूर्तता करावी. पाव आणि बिस्किटं तर अजिबात नकोत. नुसत्या पिठुळ खाण्यावर झपाट्याने वाढलेल्या पिल्लांचे पंख बाहेरच्या बाजूला मुरगळल्यासारखे होतात आणि पुढे ते सरळ होत नाहीत.

दुसरा धडा बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की आणि त्यांच्याबरोबर बदकांची पिल्लं यकृत बिघडून मेली. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचं विष होतं. अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला तो असा. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं हळवं, की सुरुवातीला विषाची तपासणी करायला बदकाची पिल्लंच वापरत. हेच विष माणसाच्या यकृताच्या कॅन्सरलाही हातभार लावतं. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. आपल्याकडे भिजलेला, वास येणारा दाणा ‘माणसांना नको, बदकांना घाला’ म्हणून ठेवतात. पावसाळ्यात भिजलेल्या पोत्यातली पेंड किंवा मका बदकाला घालणं म्हणजे विष घालणंच आहे.

पिल्लं घेताना रंगवलेली घेऊ नका. आईविना वाढलेल्या कोवळ्या पिल्लाच्या पिसांना पाणी न शोषण्याचा गुण अजून पुरता आलेला नसतो. घरी नेल्या-नेल्या बादलीत पोहायला सोडलं तर ते भिजून गारठतं आणि मरतं. पहिल्या आठवड्यात त्याला साधारण ३२ अंश सेल्सिअसची ऊब लागते. दुकानाकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. २०१८ च्या नियमांनी ती सक्तीची केली आहे. एकटं बदक झुरतं, म्हणून निदान दोन-तीन हवीत. नर एकच पुरे. पेकिन बदक आठ-दहा वर्षं जगतं, गूज वीस वर्षंही. नातू दहावीला जाईपर्यंत त्यांचं करावं लागेल, हा हिशेब आधी मांडावा. फ्लॅटच्या बाल्कनीत टब ठेवून बदकं पाळायचा विचार असेल तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. तिथे ना पाण्याची वाट आहे, ना वाळलेल्या विष्ठेची. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसं कडक झालेले रुग्ण आम्ही पाहतो; त्यात भर नको.

तलावावरून कोणी ‘जंगली जोडी’ आणून देतो म्हणाला तर त्याला हाकलून द्या. हळदी-कुंकू बदक, अडई, चक्रवाक ही आपली रानबदकं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि ती घरी ठेवणं गुन्हा आहे.

खुराड्याच्या सफाईबद्दल गुरुजींना जे सांगितलं तेच इथे सांगतो. कोरडं कधीही झाडू नका. आधी पाणी शिंपडा, नाका-तोंडावर घट्ट मास्क लावा, मग खरवडा. त्या कामाचे कपडे आणि चपला वेगळ्या ठेवा, त्या स्वयंपाकघरात नकोत. बदकांची भांडी घरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. हात साबणाने धुवा, सॅनिटायझर चिखलावर काम करत नाही. आणि तापाने आजारी पडलात तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, आमच्याकडे बदकं आहेत.

घरी सोडताना गुरुजींनी एकच प्रश्न विचारला, ‘‘बदकांचं काय करू?’’ मी पशुवैद्याकडे न्या म्हणालो. पशुवैद्याने पंचेचाळीस दिवसांचा औषधाचा कोर्स सांगितला आणि तेवढे दिवस अंडी खायची नाहीत असं बजावलं. पण खरी अडचण वेगळी होती. त्यांची मुलगी पाच महिन्यांची गरोदर होती आणि सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी येणार होती. गरोदरपणात हा न्यूमोनिया फार वाईट वळण घेऊ शकतो, आणि पुढे तर घरात तान्हं बाळ असणार. मी सांगितलं, की औषधाचा कोर्स झाला तरी लेक आणि बदकं एका अंगणात नकोत. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘लेक येणारच.’’

कोर्स संपल्यावर बदकं त्यांच्या मेहुण्याच्या शेततळ्यावर गेली. गुरुजी दर रविवारी तिथे जातात. मध्यंतरी तपासणीला आले तेव्हा नातीचा फोटो दाखवला आणि मग शेतावरचा व्हिडिओ. बांधावरून ते पुढे चालताहेत आणि सहाही बदकं मागून रांगेने डुलत येताहेत. खुराड्यापाशी आल्यावर खराटा उचलला तेव्हा मास्क हनुवटीवर होता. त्यावरून मी त्यांना बोललोच.